पडदेबाईंचे मधले दिवस

पडदेबाईंनी आयुष्यात एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. जी पाहिली ती सगळी कडेने, विंगेतल्या स्टुलावर बसून. त्यामुळे त्यांच्या लेखी राजा म्हणजे एक कान, अर्धी मिशी आणि पाठीवर झग्याला टोचलेल्या सेफ्टी पिना. राणी ढसाढसा रडायची ती समोरच्या लोकांसाठी. पडदेबाईंना तिचा फक्त डावा हात दिसायचा, आणि रडणं चालू असताना तो हात रुमालाच्या टोकाशी खेळत पुढच्या वाक्याची वाट बघत असायचा.

नाट्यगृहाचा पडदा ओढायचं काम मूळचं त्यांच्या वडिलांचं. वडिलांच्या गुडघ्याने दगा दिला तेव्हा या एकोणीस वर्षांच्या. "तुमचं बरं होईपर्यंत चार दिवस मी ओढते," म्हणून त्यांनी दोर हातात घेतला. ते चार दिवस एकोणचाळीस वर्षं चालले. खरं नाव मागे पडलं. नाटकवाल्यांनी 'पडदेबाई' म्हणायला सुरुवात केली, मग दूधवाला म्हणायला लागला आणि शेवटी सख्खी नणंदसुद्धा चारचौघांत तसंच म्हणू लागली.

लग्नही त्याच इमारतीत जमलं. नवरा तिकिटाच्या खिडकीत बसायचा. त्याला दिवसभर दिसायचे फक्त लोकांचे हात. हिला दिसायचे अर्धे चेहरे. "एक पुरता माणूस बघायला मिळावा म्हणून दोघांनी एकमेकांशी लग्न केलं," असं नणंद म्हणायची. आता नवरा निवृत्त होता, पण अजूनही कुणी भेटायला आलं की त्याची नजर आधी हातांकडे जायची.

पडदा उघडायला दोराचे बावीस हात लागत. एका मुठीने खाली ओढायचा, दुसरीने वर पकडायचा, हा एक हात. पहिल्या तीन हातांत पडदा जागचा हलतच नाही. झोपेतलं माणूस कूस बदलण्याआधी जरा शहारतं, तेवढंच. चौथ्या हाताला मधोमध फट पडते आणि प्रेक्षागृहातला अंधार आत येतो, कोमट, तेला-अत्तराच्या आणि ओल्या छत्र्यांच्या वासाचा. आठव्या-नवव्या हाताला पडदेबाईंचे डोळे आपोआप मिटत. दोर हातातून वाहायला लागे. मग त्यांना कळेनासं व्हायचं, आपण त्याला ओढतोय की तो आपल्याला कुठेतरी नेतोय. बावीस झाले की दोर खुंटीला गुंडाळायचा आणि स्टुलावर बसून तळहातांतली धडधड ऐकत राहायची. त्या धडधडीसाठीच त्या इतकी वर्षं कामाला येत होत्या, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. असलं काही सांगायला गेलं की लोक 'बरं वाटत नाही का' असं विचारतात.

जुना पडदा वडिलांच्या काळातला. दरवर्षी जरासा झिजायचा, जरासा विरायचा. अलीकडे तर मागचा दिवा लागला की पहिल्या रांगेतल्यांना आतली धावपळ सावल्यांसारखी दिसे. पडदा हलका होत गेला तसे पडदेबाईंचे दंडही हलके होत गेले. दोघं अगदी बरोबरीने झिजले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदेबाईंच्याही नाही.

मग नाट्यगृहाची दुरुस्ती निघाली आणि नवा पडदा आला. गडद जांभळी मखमल, आत दुहेरी अस्तर, तळाच्या शिवणीत शिशाच्या गोळ्या. चार माणसांनी खांद्यावरून आणला तेव्हा एखाद्या झोपलेल्या राक्षसाला उचलून आणल्यासारखं वाटत होतं.

पहिली चाचणी दुपारी झाली. नवीन नाटकाचा दिग्दर्शक सातव्या रांगेत बसला होता. नाटकाची सुरुवात अशी होती की पहाटेच्या उजेडात एक बाई खुर्चीत झोपलेली आहे. तिच्या झोपेतूनच नाटक सुरू होतं. "पडदा असा उघडला पाहिजे, बाई, की तिची झोप मोडता कामा नये," दिग्दर्शकाने सांगून ठेवलं होतं. "एका श्वासात. हिसका नको."

पडदेबाईंनी दोर धरला. पाच हात झाले. सातव्याला कपाळावर घाम आला. दहाव्याला खांदे बोलायला लागले. तेराव्या हाताला पडदा जो थांबला तो थांबलाच. त्यांनी दोराला अक्षरशः लोंबकळून पाहिलं. रंगमंचावर झोपलेल्या नटीने एक डोळा उघडून विचारलं, "उठू का?"

व्यवस्थापक विंगेत आला. वयाने लहान, पण माणूस सज्जन. त्याने आधी पाणी आणून दिलं, मग विषय काढला.

"पडदेबाई, मोटर बसवून घेऊ या. तुम्हाला कुणी काढत नाहीये. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"बटण दाबायला मी कशाला? मांजरही दाबेल."

"तसं नाही हो..."

"पहिला प्रयोग कधी आहे?"

"दहा आठवड्यांनी. गुरुवारी."

"मग दहा आठवडे द्या मला. नाही जमलं तर तुमची मोटर बसवा, मी माझी घरी बसते."

व्यवस्थापकाने मान डोलावली. मोटरवाल्याला मात्र माप घ्यायला बोलावून ठेवलं, कारण त्याला शेवटी नाट्यगृह चालवायचं होतं.

नाट्यगृहामागच्या गल्लीत छापखान्याच्या माडीवर व्यायामशाळा होती. अकरा ते बारा बायकांची वेळ. खालून यंत्रांची धडधड यायची आणि जमीन सतत किंचित थरथरायची. शिकवणारी तिशीतली, आखूड केसांची, हातात सदैव एक वही. तिने पडदेबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावशी, काय हवंय? वजन कमी करायचंय?"

"माझं नाही. पडद्याचं करता आलं तर बघा."

सगळं ऐकून ती हसली नाही, हे पडदेबाईंना आवडलं. तिने त्यांना खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं, भिंतीला रेलून हातांनी ढकलायला लावलं, वाकून जमिनीवरचं वजन उचलायला लावलं, आणि कप्पीवरची वजनाची साखळी छातीकडे ओढायला लावली. प्रत्येकाच्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या. "शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण चेहरा वाकडा व्हायच्या आत थांबायचं. बारा सहज व्हायला लागले की वजन एक पायरी वाढवू." सगळं तिने वहीत मांडलं.

"ठीक आहे," पडदेबाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज किती वाजता येऊ?"

"रोज? छे. सोमवार आणि गुरुवार."

"आणि मधले दिवस?"

"मधल्या दिवसांत काही नाही. चाला, पोटभर जेवा, अंडी, दूध, डाळ, जे मिळेल ते. आणि झोपा."

"म्हणजे कामाचे दोन आणि आरामाचे पाच? अशी नोकरी मला एकोणिसाव्या वर्षी का नाही मिळाली?"

"मावशी, ताकद इथे येत नाही," ती म्हणाली. "इथे स्नायू फक्त दमतात, थोडेसे मोडतात म्हणा ना. त्यांची डागडुजी नंतर होते, तुम्ही झोपेत असताना. आणि दुरुस्त करताना शरीर आधीपेक्षा जरा जाड बांधतं. त्याला मध्ये दोन-तीन दिवस द्यायचे. प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळालं तरी तुमच्यासारखीला पुष्कळ. काहीजण तीनदा करतात, तेही एकाआड एक दिवस. तुम्ही नवशिक्या, त्यात साठीला आलेल्या. दोनच."

पडदेबाईंनी मान हलवली. पण विश्वास बसला नाही. कसा बसणार? त्यांचा सगळा जन्म तालमीत गेलेला. नाटक जमत नसेल तर काय करायचं, याचं नाटकवाल्यांकडे एकच उत्तर असतं: अजून एक तालीम. वाक्य अडखळतंय? शंभरदा म्हण. प्रयोग जवळ आलाय? सकाळ-संध्याकाळ तालीम. 'तालीम बुडाली की नाटक बुडालं' हे वडिलांचं ब्रह्मवाक्य. काही न केल्याने एखादी गोष्ट सुधारते, हे त्यांनी एकोणचाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पोरगी शिकलेली आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, पण तिला प्रयोगाची तारीख कुठे गाठायचीय?

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी घरी चोरून तालीम सुरू केली. सकाळी सहाला उठायचं. नवरा लाकडी खुर्चीवर बसायचा, खुर्चीच्या पायांना जुना दोर बांधलेला, आणि पडदेबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्याला बाहेरच्या खोलीपासून आपल्याकडे ओढून आणायच्या. पोचला की तो उठून खुर्ची परत नेऊन ठेवायचा आणि पुन्हा बसायचा. रोज दहा खेपा. रविवारी पंधरा.

"अगं, हळू. पेपराची ओळ सुटते."

"अहो, तुम्ही वजन आहात. वजनांनी बोलायचं नसतं."

"काल तर म्हणालीस मी हलका झालोय."

"तेच तर. जरा दोन घास जास्त खात जा. माझ्यासाठी."

नवऱ्याने प्रेमाने खाल्लं. पण तिसरा आठवडा उलटला आणि व्यायामशाळेतल्या वहीत काहीतरी चुकायला लागलं. मागच्या गुरुवारी जे वजन दहादा आलं होतं ते सोमवारी आठदाच आलं. पुढच्या गुरुवारी सहादा. शिकवणारीने वही उलटीपालटी करून पाहिली, जणू आकडे कागदावरून खाली पडलेत.

"झोप नीट होते ना, मावशी?"

"मस्त होते."

होत नव्हती. कोपर ठणकायचं. डोळ्याला डोळा लागला की स्वप्नात पडदा यायचा. त्याला शेवट नसायचा. त्या ओढत राहायच्या, शंभर हात, दोनशे हात, आणि तो उघडायच्या ऐवजी अजून दाट होत जायचा, आणि पलीकडून कुणीतरी अगदी शांतपणे विचारायचं, उठू का?

पाचव्या आठवड्यात व्यवस्थापकाने पुन्हा एकदा चाचणी घेतली. या वेळी पडदा अकराव्या हाताला थांबला. आधीपेक्षा दोन हात कमी. दिग्दर्शक चष्मा पुसत राहिला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

भांडं फोडलं ते नणंदेने. ती त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. सोमवारी ती तावातावाने छापखान्याचा जिना चढून व्यायामशाळेत आली ती थेट शिकवणारीसमोर.

"अहो बाई, आमच्या वहिनींना तुम्ही काय शिकवायचं ते शिकवा. पण रोज सकाळी सहाला आमचं छत खरवडलं जातंय त्याचं काय? महिना झाला! पहिल्यांदा मला वाटलं उंदीर आहेत. मग म्हटलं एवढा मोठा उंदीर कुठला, हा तर माझा भाऊ!"

"रोज?" शिकवणारीने विचारलं.

"रोज. रविवारी तर विचारूच नका. अति तिथे माती हो वहिनी, मी नाही, शहाणी माणसं सांगून गेलीत."

पडदेबाईंनी साखळी अलगद खाली सोडली. शिकवणारीने वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कोपर दुखतंय ना? आणि झोपही नाही. मावशी, आज घरी जा. आणि पुढच्या सोमवारपर्यंत काहीही करायचं नाही. कालव्यापर्यंत फिरून या हवं तर. दोराला हात लावायचा नाही, खुर्चीला नाही, माणसाला तर अजिबात नाही."

"एक आठवडा? अगं, पाचच उरलेत!"

"म्हणूनच."

पडदेबाई जिना उतरल्या. संपलं, त्यांना वाटलं. पोरीने हात टेकले. घरी जायची हिंमत झाली नाही, म्हणून सवयीने पाय नाट्यगृहाकडे वळले. दुपारची वेळ, इमारत रिकामी. रंगमंचावर एकटा नेपथ्याचा रंगारी जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या कापडावर पहाटेचं आकाश रंगवून, बादलीला टेकून बसला होता. म्हातारा, कानामागे ब्रश, कोपरापर्यंत निळा.

हातांना काहीतरी काम हवं होतं. पडदेबाईंनी न विचारता एक ब्रश उचलला. "हा कोपरा फिका वाटतो. दुसरा हात देऊ का?" म्हणत त्यांनी ब्रश फिरवलासुद्धा.

"अहो, अहो, थांबा!"

उशीर झाला होता. वरचा निळा चढायच्या ऐवजी खालचा निळाच ब्रशबरोबर उठून आला. कोपऱ्यात कापड उघडं पडलं, करडं, उदास.

"ओला आहे तो," रंगारी म्हणाला. चिडला नाही, अशा हौशी मदतनिसांची त्याला आयुष्यभराची सवय. "पहिला वाळल्याशिवाय दुसरा दिला की दोन्ही जातात. घाईने पहाट होत नाही, चिखल होतो."

"मग आता?"

"आता काही नाही. बसायचं."

"नुसतं?"

"वाळणं हेही कामच आहे, बाई. फक्त ते मला करावं लागत नाही, आपोआप होतं. मी मध्ये हात घातला नाही म्हणजे झालं."

पडदेबाई त्या उघड्या पडलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या कोपराकडे. रोज सकाळी सहा वाजता, दहा-दहा खेपा, आपण नेमकं हेच करत होतो की. आदल्या दिवशीचं सगळं ओलं असताना त्यावर पुन्हा ब्रश.

रंगारी खाली उतरून प्रेक्षागृहात जाऊन बसला. त्याही गेल्या. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची मऊ होती. आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं. समोर जांभळा पडदा अर्धामुर्धा उघडा, दोन्ही बाजूंना गोळा होऊन उभा होता, एखाद्या मोठ्या, सभ्य जनावरासारखा. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ हळूहळू फिरत होती, कुठेही पोचायची घाई नसलेली. त्या तिच्याकडे बघत असताना कधी झोपल्या ते त्यांनाच कळलं नाही.

त्या आठवड्यात त्या खूप झोपल्या. घरी झोपल्या, खिडकीत बसून झोपल्या, एकदा भाजी निवडता निवडता झोपल्या आणि नवऱ्याने आवाज न करता ताट बाजूला काढून ठेवलं. उन्हं कलती झाली की कालव्याच्या कडेने फिरायला जायच्या. त्यांना कळलं की दुपारला इतके रंग असतात. नाट्यगृहात बाराही महिने एकच वेळ असते, दिवे विझायच्या जराशी आधीची. इथे मात्र तीन वाजताचा उजेड वेगळा होता, चारचा वेगळा. पाण्यावर एखादं पान वाहत जाताना बघायला त्या उभ्या राहायच्या आणि ते पान वळणाआड जाईपर्यंत हलायच्या नाहीत.

स्वप्नं बदलली. आता त्यांना दिसायचं की आपण निजलोय आणि आपल्या दंडांत, पाठीत, खांद्यांच्या पात्यांखाली कितीतरी बारीक माणसं काम करतायत. हळू आवाजात बोलतायत. सुताला सूत लावतायत, पीळ भरतायत. कुणी म्हणतंय, इथे दोन पदर जास्त घाला, बाईंना गुरुवारी लागेल. आणि त्या मनात म्हणायच्या, मी उठत नाही हं, चालू द्या तुमचं.

पुढच्या सोमवारी साखळीचं वजन दहादा आलं. गुरुवारी बारादा. शिकवणारीने साखळीला एक लोखंडी पाटी वाढवली.

"तीन दिवस करू का आता?" पडदेबाईंनी विचारलं. मोह काही सुटत नाही माणसाचा.

"नको. नाट्यगृहात दोर ओढून बघाल ना, तोही व्यायामच. ज्या दिवशी पडदा ओढाल, तो व्यायामाचा दिवस धरायचा. त्या दिवशी इकडे यायचं नाही."

असे आठवडे गेले. सोमवार, गुरुवार, आणि मध्ये ते मोकळे, रुंद दिवस. सातव्या आठवड्यात पडदा सतराव्या हाताला थांबला. नवव्यात विसाव्या. नणंद आता जिन्यात भेटली की दंड दाबून बघायची आणि म्हणायची, "वहिनी, भावाशी जरा जपून हं."

दहाव्या आठवड्यातल्या सोमवारी बावीसच्या बावीस हात झाले. पण एकोणिसाव्याला दम अडकला, पडदा जरा डचमळला आणि खुर्चीतल्या नटीची पापणी हलली. दिग्दर्शक "छान, छान" म्हणाला, दोनदा, आणि दोनदा म्हटलेलं छान हे छान नसतं.

बुधवारी दुपारी शेवटची तालीम. सगळे दिवे, सगळे पोशाख. दिग्दर्शकाला पहाटेचा उजेड आणि पडदा यांची वेळ जुळवून बघायची होती. "बाई, आज दहा-बारा वेळा उघडून घेऊ. उद्या अजिबात हिसका नको."

पडदेबाई स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर.

"आज मी ओढणार नाही."

रंगमंचावर सगळं थांबलं. दिवेवाला शिडीवरून वाकून बघायला लागला. शेवटची तालीम कुणी नाकारतं, हे त्या इमारतीने कधी ऐकलं नव्हतं. इथे ताप अंगात घेऊन लोक तालमीला आले होते. एकजण तर स्वतःच्या लग्नाच्या दुपारी येऊन दोन प्रवेश करून गेला होता.

व्यवस्थापक जवळ आला. अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा पडदेबाई. जमत नाहीये का?"

"आज जमेल. सोमवारी जमलं तसंच जमेल, डचमळत. पण उद्याचं बळ आज खर्चायचं नाही मला."

"तालमीशिवाय प्रयोग?" दिग्दर्शक ओरडला. "असं कुठे असतं?"

"माझी तालीम झालीय," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, कारण वडील वरून ऐकत असतील अशी त्यांना दाट शंका होती. "आता ती मुरतेय. मध्ये ढवळू नका."

व्यवस्थापकाने दिग्दर्शकाला हाताने थांबवलं. "ठीक आहे. पण उद्या मोटरवाला मोटर घेऊन विंगेत उभा राहील. सोमवारसारखं झालं तर मध्यंतरात बसवून टाकू. मला धोका नाही पत्करता यायचा."

"उभा राहू दे की."

त्या घरी गेल्या, जेवल्या आणि उजेड असतानाच झोपल्या. नवऱ्याला मात्र झोप येईना. तो मधूनमधून बायकोच्या हातांकडे बघत बसला. हातांतलं त्याला कळत असे. ते उघडे, निवांत पडले होते.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तिसरी घंटा झाली. मोटरवाला विंगेत आला होता; गोल चेहऱ्याचा, घामेजलेला माणूस, पोटाशी खोकं धरलेलं. खोकं बरंच जड असावं, कारण तो सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

दिवे मावळले. पलीकडे सहाशे माणसं खोकायची थांबली. पडदेबाईंनी दोर धरला.

एक. दोन. तीन. पडदा शहारला. चौथ्याला फट पडली आणि तो ओळखीचा कोमट अंधार आत आला. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. पाठ आपलं काम करत होती, खांदे आपलं. दोर येत होता, जात होता, कालव्याच्या पाण्याने पान न्यावं तसा. कुठेतरी वाटेत ती जागा आली असणार जिथे दम अडकायचा. ती कधी मागे पडली ते कळलं नाही. डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांआड पहाट हळूहळू उजळत होती, आणि ती खोटी आहे, कापडावरची आहे, हे त्या साफ विसरून गेल्या होत्या.

दोर थांबला. ओढायला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. पडदा पूर्ण उघडा होता. खुर्चीतली बाई झोपलेली होती, गाढ, आणि सहाशे माणसं तिची झोप मोडू नये म्हणून श्वास धरून बसली होती. दिग्दर्शक पलीकडच्या विंगेत भिंतीला टेकला होता, तोंडावर हात ठेवून. व्यवस्थापकाने तिकडूनच, आवाज न करता, त्यांना हात जोडले.

पडदेबाईंनी दोर खुंटीला गुंडाळला आणि स्टुलावर बसल्या. तळहात धडधडत होते. कितीतरी दिवसांनी, जोरात.

मोटरवाला अजून खोकं पोटाशी धरून उभा होता.

"ठेवा ते खाली," त्या कुजबुजल्या. "हात दुखत असतील तुमचे. आणि पुढे जाऊन बसा, समोरून बघा. खुर्च्या मऊ आहेत."

"पण मध्यंतरात पडदा..."

"मध्यंतरात तुमचं काही काम नाही."

"आणि मध्यंतरानंतर?"

"नंतरही नाही."

त्याने खोकं अलगद जमिनीवर ठेवलं, बोटं चोळली आणि चवड्यांवर चालत अंधारात उतरून गेला. रंगमंचावरच्या बाईने झोपेत एक कूस बदलली.